लाखेतली गाठ

ता. ६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय चिमीस,

प्रभूच्या नावाने सलाम. तुम्ही सगळी सुखरूप असाल अशी आशा करते. इकडे सर्व ठीक आहे. गाई दुधाला बऱ्या आहेत. आईच्या वेलांवर यंदा द्राक्षं चांगली लगडली आहेत. माझा डावा गुडघा सोडला तर कुरकुर करण्यासारखं काही नाही.

आईला पुरल्यापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही, तेव्हा पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील. कुणी गेलेलं नाही. काम निघालं म्हणून लिहिते आहे. मला अचानक तुझा उमाळा आला असं समजू नकोस.

या पत्राबरोबर दूधगाडीवाला एक बाटली देईल. अर्धी भरलेली आहे. ती तुझ्या नवऱ्याला दाखव. दारूच्या दुकानदाराला काही विचारायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं, पण या बाबतीत त्यालाच कळतं. एवढंच विचार: द्राक्षाचा रस उकळायला विसरलं तर तो असा होतो का? हो की नाही, तेवढं कळव. का विचारते ते विचारू नकोस.

बरं, सांगतेच. नाहीतर तू तिथे बसून नाही नाही ते तर्क लढवशील.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. प्याल्यातला रस आपल्या घरून जातो हे तुला सांगायला नको. आई करायची, तिच्यानंतर मी. आपण मेथडिस्ट, आपल्याला प्याल्यातसुद्धा दारूचा थेंब चालत नाही. म्हणून रस वाफ येईपर्यंत तापवायचा, फडक्यात बांधून टांगायचा, पिळायचा नाही, पुन्हा उकळायचा, गरम बाटलीत गरमच ओतायचा आणि बुचावर लाल लाख लावायची. मला झोपेतून उठवलं तरी करीन मी ते. त्या दिवशी गुडघा सुजला होता म्हणून तळघरातून बाटल्या ह्यांनी वर आणल्या.

पाळकसाहेब नवीन आहेत, अजून मिसरूड नीट फुटायची आहे. त्यांनी बूच ओढलं आणि फट्ट! पांढऱ्या कापडावर फेसच फेस. त्यांना वाटलं असेल, शेतावरचा रस असाच असतो. इवल्या पेल्यांत ओतला आणि ताट फिरवलं. ऑर्गनवाल्या बाईंना ठसका लागला. मास्तरांनी घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि ताट घेऊन पुढे निघालेल्याला म्हणाले, "थांब जरा, घाई काय आहे?" शेवटचं गीत एरवी आपली मंडळी कण्हत म्हणते. रविवारी खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तू असतीस तर हसून हसून मेली असतीस. मी हसले नाही. घोट जिभेला लागला तेव्हाच मला कळलं होतं की रसाची दारू झाली आहे.

उपासना संपली तरी कुणी उठेना. मग हे उठले. दारूबंदी समितीचे प्रमुख नाहीत का ते, दारू न पिण्याच्या शपथेची पाटी चर्चच्या दाराशी ह्यांनीच ठोकली आहे. कोट सारखा केला आणि म्हणाले, "हे माझ्या घरात घडलं. मी माझ्या बायकोच्या वतीने मंडळीची क्षमा मागतो. वय झालंय तिचं. हल्ली विसरते. उकळायचं राहून गेलं असणार." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मीही रडले. "हो, राहिलं असेल," म्हणाले. कारण तेव्हा मला खरंच तसं वाटलं.

तेव्हापासून माझ्या घराचा दवाखाना झालाय. बायका येतात, माझ्या कानाशी तोंड आणून एकेक अक्षर सुटं करून ओरडतात, "क-शा आ-हा-त?" अहो, मी गुडघ्याने अधू आहे, कानाने नाही! ऑर्गनवाल्या बाईंनी माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: मीठ. साखर. माझ्या स्वयंपाकघरात मला मीठ ओळखायला शिकवतात. सूनबाई येते तेव्हा काडेपेटी लपवून ठेवते. थोरला फोनवर बापाला म्हणाला, "आईला एकटीला गोठ्यात सोडत जाऊ नका." मी तिथेच उभी होते, चांगली धडधाकट. मी कुठली वस्तू आहे का, इथे ठेवा, तिथे सोडू नका?

आणि कळस म्हणजे चर्चच्या पंचांनी ठरवलं की या हंगामापासून रस हे करणार. वेल माझ्या आईचे, पातेलं माझ्या आईचं, आणि चुलीपाशी कोण, तर हे! म्हणाले, "कुणीतरी ओझं उचलायलाच हवं." मंडळी म्हणाली, आमेन.

मी गोठ्यात बसून तो दिवस पुन्हा पुन्हा आठवते. फडकं आठवतं. वाफेने ओले झालेले केस आठवतात. लाख सांडून बोट भाजलं होतं, त्याचा डाग अजून आहे. मग मी विसरले काय?

तेवढं विचारून कळव. बाकी काही नाही. ह्यांना या पत्राचं ठाऊक नाही. उत्तर दूधगाडीवाल्याच्याच हातात दे, टपालाने नको.

तुझी ताई
(अजून म्हणत असशील तर)


ता. १३ फेब्रुवारी

ताई,

सलाम-बिलाम राहू दे.

ह्याने बाटलीचा वास घेतला, घोट घेतला, खिडकीपाशी जाऊन अजून एक घेतला. म्हणाला, "विसरलेला रस नाही हा. विसरलेला रस चार-आठ दिवसांत बूच उडवतो आणि आंबट ढाण होतो. ह्यात साखर घातलीय, गाळ खाली बसू दिलाय, वरचं अलगद काढून घेतलंय. बाटलीत भरायची जराशी घाई झाली, म्हणून फेस. बाकी हात बसलेला आहे. पहिल्या खेपेचं काम नाही हे." मग म्हणतो, "कोण आहे विचार, कामाला ठेवून घेतो." तो हसत होता. मला हसू येईना.

कारण मी बाटली उजेडात धरली होती. गळ्याभोवतीची दोरी कापलीस तू, पण गाठ लाखेत रुतून राहिली आहे. उलटी गाठ, टोक आतून घेतलेलं. वेल ताटीला बांधताना तशी गाठ एकच माणूस मारतो. आईला पुरलं त्या दिवशी तुमच्या फाटकाला तीच गाठ होती. दारूवाल्याची बायको आत यायला नको म्हणून भावोजींनी स्वतःच्या हाताने बांधली होती. आत तुम्ही सगळे गीत म्हणत होतात आणि मी बाहेर त्या गाठीकडे बघत उभी होते. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. ती गाठ मला कुणी ओळखायला शिकवायला नको.

तू विचारलंस हो की नाही. तर नाही. पण तुला ते माहीत होतं, ताई. माहीत नसतं तर दोरी कापली नसतीस. तुला ते फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे उद्या म्हणायला मोकळी, की मी नाही, चिमी म्हणाली.

तर चिमी म्हणते. घे. ज्या माणसाने भर मंडळीत माझं नाव सभासदांच्या यादीतून काढायला लावलं, "हिच्या घासाला दारूचा वास येतो" म्हणाला, तो तुझ्या तळघरात बसून दारू करतो. आणि ती चुकून चर्चमध्ये फुटली तेव्हा तुला वेडी ठरवून मोकळा झाला. आणि तू काय केलंस? कात्री शोधलीस!

माझ्यावर रागवायचं तर खुशाल रागाव. मी कधीची रागावून बसले आहे, शेजारी जागा आहे.

गप्प बसणार असशील तर मला पुन्हा लिहू नकोस.

चिमी

बाटली परत पाठवते आहे. त्या गाठीला हात लावू नकोस.


ता. २५ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय चिमे,

सलाम. होय, सलाम. तुला नको असला तरी घे.

तुझं पत्र गोठ्यात वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. आधी तुझ्यावरच. म्हटलं, ही कोण मला शिकवणारी, स्वतः गल्ल्यावर बसून बाटल्या विकते आणि मला तोंड वर करून जाब विचारते! दुधाची बादली इतक्या जोरात आपटली की गाय बिचकली. मग पत्र पुन्हा वाचलं. तू 'कात्री शोधलीस' लिहिलंस, तिथे मी अडकले. कारण खरंच शोधली होती. प्रभुभोजनाच्या दुसऱ्या दिवशी बाटल्या विसळताना ती दोरी दिसली आणि माझे हात आपोआप खणाकडे गेले. का कापतेय हे मी मला विचारलंसुद्धा नाही. इतकी सवय लागली आहे मला त्या माणसाची बाजू सावरायची.

मग मी तळघरात गेले. गुडघा वाकत नव्हता, म्हणून लहान पोरासारखी पायरी पायरी बसत उतरले. खालचा दिवा उडालाय हे मी ह्यांना कधीपासून सांगत होते. "बघू," म्हणायचे. का बघत नव्हते ते आता कळलं. माझ्या बाटल्यांच्या रांगेमागे, बटाट्याच्या पोत्यांआड कंदील धरला. तिथे त्यांची रांग. बाटल्या माझ्या, लाख माझी, द्राक्षं माझ्या आईची. दोरी तेवढी त्यांची, ओळखीसाठी बांधलेली. आणि त्या रविवारी घाईत, चष्मा न लावता, त्यांनी त्यांच्याच अंधारात भलत्या रांगेत हात घातला.

ते अवजारांच्या खोलीत फवारणीच्या पंपाला तेल देत होते. मी बाटली समोर ठेवली.

"हे काय आहे?"

बघितलं, पुन्हा पंपाकडे वळले. "औषध."

"कशावरचं?"

"पोट दुखतं माझं कधी कधी. तुला काय कळतंय?"

"तुमच्या पोटदुखीपायी मी वेडी ठरले."

तर म्हणाले, आणि चिमे, हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही, विसरते म्हणतात ना मी, म्हणाले, "तुझं त्यात काय गेलं? तुझ्यावर कुणी चिडलंय का? उलट सगळे किती मायेनं वागताहेत. माझं मात्र नाव गेलं असतं."

तुझं त्यात काय गेलं! लग्न झाल्यापासून पहाटे उठून धारा काढल्या, वासरं ओढून काढली, त्यांच्या आईची दुखणी काढली, एक रविवार चुकवला नाही, आणि माझं जायला काही नाहीच! मला वाटलं, पंप उचलून त्यांच्या डोक्यात घालावा. घातला नाही. जड होता.

संध्याकाळी गुडघे टेकायला बसले. म्हणजे एक गुडघा. मनातला राग काढून टाक असं मागायचं, हे आईने शिकवलेलं. तेच मागायला गेले आणि मागवेना. शेवटी म्हटलं, प्रभू, राग राहू दे. फक्त उभी राहीन तेव्हा आवाज कापू देऊ नकोस.

रविवारी साक्ष द्यायची वेळ आली. पाळकसाहेब नेहमीसारखं म्हणाले, कुणाला प्रभूने काय केलं ते सांगायचं असेल तर उभं राहावं. मी उठले. हे माझ्याकडे बघून हसले. मंडळीने प्रार्थना केली त्याचे आभार मानणार असं वाटलं असणार. ऑर्गनवाल्या बाई "सा-व-का-श!" म्हणून ओरडल्या.

मी पुढे गेले आणि पिशवीतून त्यांच्या रांगेतली न फोडलेली बाटली काढून टेबलावर ठेवली, दोरीसकट. म्हटलं, "मागच्या वेळी माझ्या नवऱ्याने माझ्या वतीने तुमची क्षमा मागितली. आज मी त्यांच्या वतीने मागते. रस मी उकळला होता. मी विसरले नव्हते. ही दारू आहे, ती त्यांनी केली आहे, आणि ही गाठ कुणाची ते इथल्या प्रत्येकाने आमच्या वेलांवर पाहिलेलं आहे."

आवाज कापला नाही. मग लगेच मी म्हणाले, थांबले असते तर धीर गेला असता, "आणि दारूपायीच एका बाईचं नाव आपण यादीतून काढलं. काढायला सांगणारे तिकडे तिसऱ्या बाकावर बसले आहेत. माझ्या बहिणीचं नाव मला परत हवंय."

पाळकसाहेब पुस्तकाची पानं उलटायला लागले, जणू या प्रसंगाची प्रार्थना कुठेतरी छापलेली असणार. तेवढ्यात मागून मास्तर स्वतःशीच पुटपुटले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "तरीच म्हटलं, उकळायला विसरलेल्या रसाला इतकी गोडी कुठून!" त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांची साक्ष घरी व्हायची आहे हे मी समजले. ऑर्गनवाल्या बाईंनी घाबरून भलतंच गीत सुरू केलं, लग्नातलं. हे उठले. बुटांकडे बघत मधल्या वाटेने बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले.

मला बरं वाटलं असं तुला वाटेल. नाही वाटलं. त्यांची वाकलेली पाठ बघून मला कीव आली, आणि कीव येतेय याचाही राग आला.

काल पाळकसाहेब घरी आले होते. म्हणाले, "बाई, घरातली गोष्ट घरातच सांगितली असती तर? क्षमा तर करायचीच असते." म्हटलं, "क्षमा करीन हो मी, मला ती रोज मागावी लागते, तेव्हा देताही येते. पण वेडी त्यांनी मला मंडळीसमोर ठरवली. मग शहाणी मी चोरून घरात व्हायचं का?" बिचारे चहा न घेता गेले. वाईट नाहीत ते, अजून कोवळे आहेत.

हे थोरल्याच्या जुन्या खोलीत झोपतात. जेवायला वाढते. मीठ बरोबर पडतं, डब्यावर चिठ्ठी आहे ना. थोरल्याचा फोन आला, "आई, तू असं करायला नको होतंस," म्हणाला. मी म्हटलं, "बाळा, कशाबद्दल बोलतोस? मला हल्ली आठवत नाही." आणि ठेवून दिला.

काल दुपारी ह्यांनी तोंड उघडलं. "तू मला मातीत घातलंस." मी म्हटलं, "तळघरातून बाटल्या वर आणा. तुम्हालाच सवय आहे." आणल्या. एकेक करून सगळ्या. मी उकिरड्याशी उभी राहून ओतायला लावल्या. शेवटची उलटी करण्याआधी त्यांनी ती छातीशी धरली. ते लाजेने की ओढीने, मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. पण त्यांनी विचारलं, "आता सुटेल का गं हे माझं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी खरं बोलले माझ्याशी. मी म्हटलं, "बघू." त्यांचाच शब्द.

पंच आले होते. म्हणाले, रस तुम्हीच करा. मी म्हटलं, करीन, पण चिमीचं नाव यादीत लागल्याशिवाय एका बाटलीला बूच लावणार नाही. ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या, "पण तिच्या नवऱ्याचा धंदा?" मी म्हटलं, "धंदा मलाही पटत नाही. पण तो निदान पाटी लावून करतो." नाव लागलं, चिमे. काल संध्याकाळी. मी स्वतः जाऊन पाहून आले, माझ्या नावाखाली.

फाटकाबद्दल तू जे लिहिलंस, त्यावर मी पत्रात काही लिहिणार नाही. समोर ये आणि तोंडावर बोल. मी ऐकेन. परवा कात्री घेऊन गेले होते तिथे. इतकी वर्षं फाटक त्याच दोरीने बांधलेलं असतं, आम्ही फाटकच उचलून बाजूला सरकवतो आणि आत-बाहेर करतो, दोरी कुणी सोडतच नाही. ती कापून टाकली, या वेळी गाठीसकट.

तर शनिवारी द्राक्षं तोडायला ये. नवऱ्यालाही आण. बाटलीतली दारू कोणी केली ते त्याला आता कळलंच असेल, कामाला ठेवायचं असेल तर घेऊन जा म्हणावं. आणि त्याला आधीच बजाव, माझ्या घरात पाणी, दूध आणि उकळलेला रस मिळेल, चौथं काही नाही. रस उकळताना तू माझ्या शेजारी उभी राहा आणि उकळी फुटली की मोठ्याने सांग. मला खात्री हवी म्हणून नाही. मला ते कुणीतरी माझ्याबरोबर पाहिलेलं हवंय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट फिरेल तेव्हा माझ्या बाकावर बस. पेला आधी तू घे.

माझा राग अजून उतरलेला नाही. तुझाही उतरला नसेल. तसाच घेऊन ये, द्राक्षांच्या पाट्या पुष्कळ उचलायच्या आहेत.

तुझी,
डोकं ठिकाणावर असलेली,
ताई